‘रक्तवाढीचं सलाईन’ घेताय? आधी तपासणी, मगच सुई : लोहाचे इंजेक्शन सुरक्षित कसे घ्यावे

छत्रपती संभाजीनगर : “अंगात रक्तच नाही, एखादं सलाईन लावून द्या डॉक्टर.” पैठणपासून सोयगावपर्यंत कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते. सासूबाई सुनेला घेऊन येतात, नवरा बायकोला मोटारसायकलवर बसवून आणतो आणि मागणी एकच असते, ‘रक्तवाढीचं सलाईन’. पण त्या बाटलीत नेमके काय घातले, किती घातले आणि का घातले, हे विचारणारे फार थोडे.

प्रश्न इथेच आहे. रक्तक्षयावर शिरेतून देण्याचे लोहाचे इंजेक्शन हे चांगले औषध आहे. योग्य बाईला, योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी मिळाले तर बाळंतपणात होणारा धोका कमी करण्याची ताकद त्यात आहे. मात्र तपासणी न करता, कुठेही आणि घाईत दिले तर तेच औषध अंगाशी येऊ शकते. त्याहून जास्त वेळा असे होते की ‘लोह’ म्हणून भलतेच काहीतरी दिले जाते, पैसे जातात, महिना-दोन महिने हातचे निघून जातात आणि एचबी होता तिथेच राहतो.

राज्यातले चित्र गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. गरोदर महिलांमध्ये ते ४५.७ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांमध्ये ६८.९ टक्के आहे. म्हणजे गावातल्या दोन बायांपैकी एकीचे रक्त कमी आहे, असे धरून चालायला हरकत नाही.

नाव एक, इंजेक्शने तीन

गावात ज्याला सरसकट ‘रक्तवाढीचं इंजेक्शन’ म्हणतात, ती प्रत्यक्षात तीन वेगवेगळी औषधे आहेत.

पहिले लोहाचे. शरीरातले लोह कमी झाल्यामुळे रक्त कमी झाले असेल तर हे चालते. आपल्याकडे रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण हेच. शिरेतून देण्याचे लोहाचे औषध गडद तपकिरी रंगाचे असते.

दुसरे बी-१२ जीवनसत्त्वाचे. हे बहुधा दंडात किंवा कमरेत देतात आणि त्याचा रंग लालभडक असतो. दूध-दही, अंडी, मांस अगदी कमी खाणाऱ्यांमध्ये बी-१२ची कमतरता आढळते. हातापायांना मुंग्या येणे, तोंड येणे, जीभ गुळगुळीत होणे ही त्याची लक्षणे. मुख्य कमतरता बी-१२ची असेल तर नुसते लोह देऊन एचबी नीट वाढत नाही. उलटही खरेच. लोह कमी असेल तर बी-१२चे लाल इंजेक्शन कितीही घेतले तरी उपयोग नाही.

तिसरे एरिथ्रोपोएटिन. हे प्रामुख्याने किडनीच्या, विशेषतः डायलिसिसवर असलेल्या रुग्णांसाठी असते. किडनी रक्त तयार करण्याचा जो निरोप अस्थिमज्जेला पाठवते, तो या औषधातून बाहेरून दिला जातो. त्याने बीपी वाढू शकते, रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचे नसते.

खरी गफलत लाल रंगामुळे होते. सलाईनच्या बाटलीत बी-कॉम्प्लेक्सचे लाल इंजेक्शन मिसळले की बाटली लालसर दिसते आणि घरच्यांना वाटते, रक्त वाढणार. त्या बाटलीत लोहाचा कणही नसतो. पाणी, मीठ किंवा साखर आणि थोडे जीवनसत्त्व, एवढेच. दोन तास झोपून विश्रांती मिळाल्याने बरे वाटते, एचबी मात्र हलत नाही. म्हणून बाटली लावण्याआधी औषधाचे नाव विचारणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.

गोळ्या असताना सुई कशाला?

गरोदरपणात बाईच्या शरीराला एकूण सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. बाळ, वार, वाढलेले रक्त आणि बाळंतपणात जाणारे रक्त, सगळ्यांचा हिशोब त्यात येतो. रोजच्या भाकरी-भाजीतून एवढे लोह मिळणे अवघड. म्हणूनच २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात प्रत्येक गरोदर महिलेला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, अशी किमान १८० दिवस द्यायची आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. बाळंतपणानंतरही पुढचे १८० दिवस गोळी चालू ठेवायची असते.

रक्तक्षय सौम्य किंवा मध्यम असेल तर रोज दोन गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी, हा पहिला उपचार. नियमाने घेतली तर बहुतेकींना गोळी पुरते. ती स्वस्त आहे, घरी घेता येते आणि सुईचे धोके तिच्यात नाहीत.

अडचण वेगळीच असते. गोळीने मळमळते, पोट जड होते, बद्धकोष्ठता होते, शौचाला काळी होते. काळी शौच पाहून घाबरून अनेकजणी गोळ्या बंद करतात. “गोळ्यांनी बाळ काळं होतं” असेही गावात सांगितले जाते. त्याला काहीही आधार नाही. शौचाचा रंग बदलतो तो आतड्यात न शोषल्या गेलेल्या लोहामुळे, बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. फक्त ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. मध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे.

इंजेक्शनची वेळ येते ती पुढील परिस्थितीत :

– नीट गोळ्या घेऊनही महिनाभरात एचबी एक ग्रॅमनेही वाढला नाही.
– गोळ्या पोटात ठरतच नाहीत, उलट्या होतात.
– रक्तक्षय उशिरा, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात लक्षात आला आणि गोळ्यांचा परिणाम दिसायला वेळ उरला नाही.
– गोळ्या नियमित घेतल्या जाणार नाहीत, असे दिसते.
– एचबी सातच्या खाली गेला आहे.

गरोदर नसलेल्या महिलांमध्ये पाळीत खूप रक्त जाणे, आतड्याचे आजार, ऑपरेशनच्या आधी लवकर रक्त भरून काढण्याची गरज, अशा कारणांसाठीही डॉक्टर हे इंजेक्शन देतात. बाळंतपणानंतर एचबी कमी असेल तर अंगावर पाजणाऱ्या आईलाही ते देता येते.

एचबी किती, तर काय?

गरोदरपणात एचबी ११ ग्रॅमच्या खाली गेला की रक्तक्षय मानतात. त्याच्या पायऱ्या आणि उपचार असे :

१० ते १०.९ – सौम्य. रोज दोन गोळ्या, महिन्याने पुन्हा तपासणी.

७ ते ९.९ – मध्यम. आधी गोळ्याच. महिने भरत आले असतील किंवा गोळ्या लागू पडत नसतील तर शिरेतून लोह.

५ ते ६.९ – तीव्र. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून लोह. शेवटच्या तिमाहीत असेल तर थेट भरती, कारण रक्त चढवण्याची वेळ येऊ शकते.

५ च्या खाली – कितवाही महिना असो, ताबडतोब भरती. इथे इंजेक्शनची वाट पाहायची नाही, रक्त चढवावे लागते.

शेवटचे दोन मुद्दे नीट समजून घ्यायला हवेत. लोहाचे इंजेक्शन म्हणजे तयार रक्त नव्हे, तो कच्चा माल आहे. शरीर त्यातून रक्त बनवते आणि त्याला आठवडे लागतात. एचबी पाच असलेल्या आणि नववा महिना लागलेल्या बाईला “आधी दोन सलाईनं लावून बघू” म्हणत गावातच ठेवणे जिवावर बेतू शकते. बाळंतपणात एरवी सहन होणारा रक्तस्रावही अशा बाईला सहन होत नाही.

दोन औषधे, दोन पद्धती

सध्या आपल्याकडे शिरेतून देण्यासाठी मुख्यतः दोन औषधे वापरली जातात. एक आयर्न सुक्रोज, दुसरे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. दुसऱ्याला दवाखान्यात नुसते ‘एफसीएम’ म्हणतात.

दोन्हीत लोहाच्या भोवती साखरेच्या जातीचे आवरण असते. मोकळे लोह रक्तात एकदम उतरले तर ते घातक असते, म्हणून हे आवरण. आयर्न सुक्रोजचे आवरण लवकर सुटते, त्यामुळे ते थोडे-थोडे द्यावे लागते. एका वेळी जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम, तेही दिवसाआड आणि आठवड्याला ६०० मिलिग्रॅमच्या आत. साधारणपणे ते १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून १५ ते ३० मिनिटांत सोडतात. एफसीएमचे आवरण घट्ट असते, म्हणून एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. ते जास्तीत जास्त २५० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटांत सोडले जाते. वजन ५० किलोच्या आत असेल तर डोस त्या प्रमाणात कमी करावा लागतो.

ही दोन्ही औषधे नॉर्मल सलाईनमध्येच मिसळायची असतात. ग्लुकोजच्या बाटलीत नाही आणि त्याच बाटलीत बी-कॉम्प्लेक्स किंवा दुसरे कोणतेही इंजेक्शनही घालायचे नाही. “सगळं एकाच बाटलीत टाका, ताकद येईल” हा हट्ट इथे चालत नाही.

किती लोह द्यायचे हे अंदाजाने ठरत नाही, त्याचे सूत्र आहे. वजन गुणिले एचबीची कमतरता गुणिले २.४, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवायचे. समजा बाईचे वजन ४५ किलो, एचबी ७.५ आणि तो ११ वर न्यायचा आहे. कमतरता झाली ३.५. म्हणजे ४५ गुणिले ३.५ गुणिले २.४ बरोबर ३७८. त्यात ५०० मिळवले की ८७८ मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजने हे भरायचे तर पाच वेळा दवाखान्यात यावे लागेल. एफसीएमने एक किंवा दोन वेळेत काम होते.

या हिशोबातून एक गोष्ट कळते. वजन आणि एचबी न मोजता कोणी लोहाचे इंजेक्शन देत असेल तर तो डोस कशावरून ठरवतो? आणि जास्त झालेले लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. पाणी जास्त प्यायले तर लघवीवाटे जाते, लोहाचे तसे नाही. ते यकृतात, हृदयात साठत राहते. म्हणून “एक जादा घेतलं तर काय बिघडतं” हे या औषधाला लागू होत नाही.

कोणी घेऊ नये?

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत. आधी कधी लोहाच्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली असेल त्यांनी ते घेऊ नये. ताप किंवा अंगात जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबतात, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागते. दमा, एक्झिमा किंवा इतर औषधांची मोठी अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगावे. अशा वेळी मोठ्या रुग्णालयातच, जास्त काळजीने औषध दिले जाते.

सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. या आजारांतही एचबी कमी असतो, पण लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच जास्त असते. त्यात आणखी लोह ओतणे म्हणजे आगीत तेल. घरात कोणाला असा आजार असेल, किंवा गोळ्या घेऊनही एचबी अजिबात हलत नसेल, तर इंजेक्शनआधी त्याची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक. पुरुषांचा किंवा पाळी गेलेल्या बाईचा एचबी कमी निघाला तर नुसते इंजेक्शन देऊन घरी पाठवणे बरोबर नाही. मूळव्याध, पोटातील अल्सर, आतड्याची गाठ यांतून हळूहळू रक्त जात असू शकते. टाकीला गळती असताना वरून पाणी भरत राहण्यासारखे ते होते. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पोटात आकडीचे जंत असू शकतात. ते आतड्यातून रक्त शोषतात. गरोदर महिलेला दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी देतात ती त्यासाठीच.

सुई कुठे घ्यायची?

घरी नाही. ओट्यावर खुर्ची टाकून नाही. मेडिकलमधून बाटली आणून ओळखीच्या कंपाउंडरकडून तर मुळीच नाही.

हे इंजेक्शन तिथेच घ्यावे, जिथे डॉक्टर हजर आहेत, बीपी मोजायची सोय आहे, ऑक्सिजन आहे आणि रिअ‍ॅक्शन आली तर लागणारे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाताशी आहे. आपल्या जिल्ह्यात हे म्हणजे डॉक्टर हजर असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी घाटी, म्हणजेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. एचबी सातच्या खाली असेल तर प्राथमिक केंद्रावर न थांबता मोठ्या रुग्णालयात जाणेच योग्य. अशा सोयी असलेल्या खासगी रुग्णालयातही हे घेता येते.

सुई लावण्याआधी बीपी आणि नाडी मोजतात. औषध चालू असताना सिस्टर लक्ष ठेवतात. बाटली संपल्यावर किमान अर्धा तास तिथेच थांबायचे असते. “एसटी निघून जाईल” म्हणून अर्ध्यातून उठायचे नाही. त्या दिवशी थोडा वेळ हाताशी ठेवूनच घरून निघावे.

सलाईनची धार वाढवायला सांगू नये. बाटली लवकर संपावी म्हणून नातेवाईकच चाक फिरवून धार मोठी करतात, असे वॉर्डात घडते. लोह जोरात सोडले तर बीपी उतरणे, मळमळ, चक्कर असे त्रास होतात. चाकाला हात लावायचा तो फक्त सिस्टरांनी.

रिअ‍ॅक्शन कशी ओळखायची?

या नव्या औषधांची गंभीर रिअ‍ॅक्शन अगदी क्वचित येते. पण येते तेव्हा मिनिटांत येते, म्हणून लक्षणे माहीत हवीत. श्वास लागणे, घशात आवळल्यासारखे होणे, ओठ किंवा डोळे सुजणे, अंगावर गांधी उठून खाज सुटणे, घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे, यातले काहीही झाले की लगेच ओरडून सांगायचे. सिस्टर आधी औषध बंद करतात. खरी गंभीर रिअ‍ॅक्शन असेल तर मांडीत अ‍ॅड्रेनालिन देतात. तेच जीव वाचवणारे औषध.

काहींना चेहरा गरम होणे, छाती-पाठीत जकडल्यासारखे वाटणे एवढेच होते, बीपी मात्र ठीक असते. औषध थांबवले की हे थोड्या वेळात कमी होते आणि डॉक्टर पुन्हा सावकाश सुरू करू शकतात. काही ठिकाणी प्रत्येकीला आधीच अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन देण्याची सवय आहे. त्याची सरसकट गरज नाही. त्याने गुंगी येते, बीपी उतरू शकते आणि त्रास नक्की कशाचा हे ओळखणे अवघड होते.

सुईच्या जागी जळजळ झाली किंवा सूज आली तरी लगेच सांगावे. औषध शिरेबाहेर गेले तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो बराच काळ जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणे, सांधे दुखणे, कणकण वाटणे हे होऊ शकते. बहुतेकदा ते आपोआप थांबते. त्रास वाढला तर दवाखाना गाठावा.

जुनी भीती, नवे औषध

घरातल्या वयस्क बायका या इंजेक्शनला घाबरतात, त्यामागे कारण आहे. पूर्वी लोह कमरेत टोचत. ते फार दुखे, गाठ राही, काळा डाग पडे. शिरेतून देण्याच्या आयर्न डेक्स्ट्रानसारख्या जुन्या औषधांच्या गंभीर रिअ‍ॅक्शनही जास्त होत्या. म्हणून आधी थोडे औषध टोचून ‘टेस्ट डोस’ देण्याची पद्धत पडली. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये सर्व औषधांचा आढावा घेऊन टेस्ट डोस बंद करण्याची शिफारस केली. कारण टेस्ट डोस ठीक गेला तरी पुढचा डोस सुरक्षित असेल याची खात्री मिळत नाही आणि कर्मचारी मात्र बेफिकीर होतात. त्यापेक्षा प्रत्येक वेळी प्रशिक्षित माणसे, तयार ठेवलेली औषधे आणि नंतरचा अर्धा तास, यावर भर द्यावा, असे या संस्थेने सांगितले. म्हणजे पहिली बाटली चांगली गेली तरी दुसऱ्या बाटलीलाही तीच काळजी घ्यायची.

ऊसतोडीला जाण्याआधी

मराठवाड्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यात गरोदर महिलाही असतात. पहाटे फडात, दिवसभर मोळ्या वाहणे, पालावर स्वयंपाक, यात रोजच्या गोळ्या आणि महिन्याची तपासणी दोन्ही सुटते. गोळ्या नियमित होणार नाहीत अशा महिलांसाठी शिरेतील लोहाचा विचार सुरुवातीलाच करता येतो, असे सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. इथे एफसीएमचा फायदा आहे, कारण एक-दोन फेऱ्यांत काम होते.

म्हणून टोळी निघण्याआधी, किमान तीन-चार आठवडे, आशाताईंना गाठून एचबी तपासून घ्यावा. चौथा महिना लागलेला असेल आणि एचबी कमी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, “आम्ही तोडीला चाललोय, मार्चशिवाय परत येणार नाही.” ही एक माहिती उपचार बदलू शकते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, त्यावर इंजेक्शनचे नाव, तारीख आणि डोस लिहून घ्यावा. कारखान्याजवळच्या डॉक्टरांना आधी काय दिले हे कळले नाही तर डोस दुबार होण्याची भीती असते.

इंजेक्शननंतर काय?

इंजेक्शन चालू असताना लोहाच्या गोळ्या थांबवतात आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सुरू करतात. फॉलिक अ‍ॅसिड चालू राहते. तीन-चार आठवड्यांनी एचबी पुन्हा तपासायचाच. वाढला नाही तर कारण दुसरे आहे, हे लक्षात घ्यावे.

सुई घेतली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. देशातील चार सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत सुमारे दोन हजार गरोदर महिलांवर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला आयर्न सुक्रोज आणि दुसऱ्याला गोळ्या दिल्या होत्या. आई-बाळाच्या गुंतागुंतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थ सरळ आहे. जिला गोळी पुरते तिला गोळीच द्यावी, जिला पुरत नाही तिला सुई द्यावी आणि दोघींचीही तपासणी शेवटपर्यंत सोडू नये.

खाण्यापिण्याने रक्तक्षय एका महिन्यात बरा होत नाही, पण परत येऊ नये म्हणून ते लागतेच. बाजरीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, तांदुळजा, करडईची भाजी, तीळ आणि जे खातात त्यांनी मटण, काळीज, अंडी खावे. काळीज मात्र गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच खावे. पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा, पेरू खाल्ला तर लोह जास्त अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे. सुनेच्या ताटात उसळ पहिल्यांदा वाढली गेली तर निम्मे काम तिथेच होते.

बाटली लावण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. माझा एचबी किती आहे आणि तो कधी तपासला?
२. औषधाचे नाव काय? यात लोह आहे की फक्त बी-कॉम्प्लेक्स?
३. गोळ्यांऐवजी सुई का?
४. माझ्या वजनाप्रमाणे डोस किती आणि किती वेळा यावे लागेल?
५. रिअ‍ॅक्शन आली तर लागणारे औषध आणि ऑक्सिजन इथे आहे का?
६. बाटली संपल्यावर किती वेळ थांबायचे?
७. पुन्हा एचबी कधी तपासायचा?

हे विचारले म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवला असे नाही. नीट उपचार करणारा डॉक्टर सातही उत्तरे दोन मिनिटांत देतो. उत्तरे मिळाली नाहीत तर बाटली न लावता उठलेले बरे.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयांत गरोदर महिलेची तपासणी, औषधे, लागल्यास रक्त आणि वाहन हे सगळे मोफत आहे. त्यात लोहाचे इंजेक्शनही आले. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत डॉक्टरांकडून गरोदर महिलांची तपासणी होते. दवाखान्यात जाण्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. घरात कोणी गरोदर असेल आणि या महिन्यात तिचा एचबी तपासला नसेल, तर आशाताईंना आजच निरोप द्यावा. सलाईनचा विचार त्या आकड्यानंतर करावा.